ट्रकवरची लाल अक्षरं

नवा ऑनलाइन गेम सुरू होऊन आठवडा झाला, तरी निम्मे खेळाडू लॉग-इनच्या रांगेतच तुंबलेले. आत शिरलेले पहिल्याच गावात अडकून बसलेले. शिव्या घालून दमल्यावर त्यांनी कोरियातल्या खेळाडूंच्या रीतीप्रमाणे वर्गणी काढली आणि पांग्यो भागातल्या गेम कंपनीच्या दारात निषेधासाठी मोठ्या स्क्रीनचा ट्रक आणून उभा केला. स्क्रीनवर लाल अक्षरं फिरत होती: 'सर्व्हर वाढवा, नाहीतर ट्रक वाढतील!'

चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून तेग्यू ते वाचत होता. सर्व्हरचं काम त्याच्याकडेच. सर्व्हर कमी पडतील, हे तो महिनाभर घसा फोडून सांगत होता. आणि दर वेळी प्यो साहेब त्याला चारचौघांत गप्प करायचे, "सगळ्यांत ज्युनिअर तू. तुला विचारलंय कोणी?"

आज तेच साहेब घामाघूम होऊन धावत आले. "वरून फोन आलाय! आजच्या आज सर्व्हर वाढवा. मी कधीपासून ओरडतोय, कमी पडतील म्हणून!"

शेजारच्या टेबलावरची बोरा दातओठ खात पुटपुटली, "ऐकलंस? हे ओरडत होते म्हणे! तुला राग कसा येत नाही रे?"

"येतो ना," म्हणत तेग्यू उठला. बाथरूममध्ये जाऊन त्याने आतून कडी लावली, फोन काढला आणि संतापलेल्या खेळाडूंच्या ग्रुपवर लिहिलं,



"मंडळी, ट्रक लागू पडला. दुसऱ्या ट्रकवरचा मजकूरही मीच लिहून देतो."