आमी हाव की

अंगणवाडी दुपारीच सुटायची आणि सोयाबीन काढायला गेलेल्या बाया परतायच्या दिवेलागणीला. मधल्या वेळेसाठी माकणी गावात पाळणाघर व्हावं म्हणून नंदा सरकारी अनुदानाचा अर्ज करत होती. त्याला गरजू घरांची नावं जोडायची होती. आपलं वर्षाचं लेकरू सासूच्या मांडीवर देऊन ती दिवसभर दारोदार हिंडली.

घरोघरी भेटल्या त्या म्हाताऱ्याच. “नातवंडं सांभाळायला आमी हाव की,” सगळ्यांचं एकच. एकीनं तर वरून विचारलं, “तुमचं आईपण बी आता सरकारनंच करावं व्हय ग?”

एकही नाव न मिळता नंदा घरी आली आणि उंबऱ्याच्या आतच बसली. “राहू द्या आत्याबाई, कुणालाच नको हाय पाळणाघर. अर्जच करत न्हाय मी.”

सासूनं दार लोटलं, लेकरू तिच्या मांडीवर दिलं आणि शेजारी ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली,

“माझं नाव लिव. मला आता उचलवत न्हाय ग ह्याला. कुणी इचारलंच, तर सून ऐकंना म्हणून सांगीन.”