काठीचा मान

"परत म्हण," सापोलुकाका म्हणाले. "आणि शेवटचा शब्द गिळू नकोस."

नेमायानं घसा साफ केला आणि पाहुण्यांच्या स्वागताचं पहिलं वाक्य पुन्हा म्हटलं. दगडी गडग्यापलीकडे, स्वयंपाकाच्या झोपडीमागे, तोमासी अळूचे कंद खरवडत बसला होता. एकच कंद तो कितीतरी वेळ खरवडत होता.

महिनाभर हेच चाललं होतं. काकांचं घर चांगलं पन्नास पावलांवर, समुद्राच्या वाऱ्यात. तरी संध्याकाळची प्रार्थना आटोपली की काका नेमायाला घेऊन नेमके तोमासीच्या गडग्यावर येऊन बसत.

"मुद्दाम माझ्या नाकासमोर," तोमासी बायकोला म्हणाला.

"मग उठून आत जा," लुपे म्हणाली. "कोणी बांधून ठेवलंय?"

तो उठला नाही.

सापोलुकाका घराण्याचे वक्ते. चाळीस वर्षं बेटावरच्या या गावाच्या वतीनं तेच बोलायला उभे राहिले, हातात काठी आणि खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी घेऊन. आता गुडघे साथ देत नव्हते. त्यांच्या मागे काठी तोमासीकडे यायची, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तो थोरला पुतण्या, काकांच्याच हाताखाली वाढलेला.

पण गेल्या वर्षी पलीकडच्या गावची मंडळी आली, तेव्हा काकांनी त्याला उभं केलं आणि तोमासीची जीभ सुटली ती सुटलीच. वाक्यावर वाक्य चढलं. घाईघाईत पाहुण्यांच्या एका सरदाराचं नावच राहून गेलं. पाहुणे खाली बघून हसले. दुसऱ्या दिवशी माफी मागायला दोन डुकरं पाठवावी लागली.

त्या आठवड्यात काकांनी त्याला बोलावून म्हटलं होतं, "माझ्यापाशी बसत जा. चार गोष्टी सांगतो."

"मला बोलायला शिकवायला मी काय तान्हा आहे?" तोमासी म्हणाला होता.

काकांनी पुन्हा विषय काढला नाही. आणि आता हा नेमाया. लांबचा चुलतभाऊ, वयानं लहान, होडीवर मासे धरणारा. चारचौघांत चहा मागतानाही लाजणारा.

नेमाया दिसला की तोमासी म्हणे, "काय पोपटराव, आज काय पढवलं?" नेमाया नुसता हसे. त्या हसण्यानं तोमासीचं डोकं आणखीच फिरे. याच्या मनात नक्की काठी आहे, म्हणून गप्प बसतो.

पण कान मात्र गडग्याकडे असत.

"बोलायच्या आधी श्वास घे," काका सांगत. "लोक थांबतात. त्यांना कुठं जायचंय?"

"जवळच्याकडे बघून बोलू नकोस. सगळ्यात लांब बसलेल्या म्हातारीकडे बघ. तिला पोचलं तर सगळ्यांना पोचलं."

"नाव घेतलंस की थांब. ते नाव लोकांना ऐकू दे, मग पुढं जा."

प्रत्येक गोष्ट काका दोनदा सांगत आणि नेमाया ती मोठ्यानं तीनदा म्हणे. एवढा मठ्ठ आहे, तोमासीला वाटे. मला तर एकदा ऐकून पाठ झालं.

सकाळी डोंगरावरच्या मळ्यात गेला की कुदळ टाकून तो उभा राही आणि कुदळीचा दांडा काठीसारखा धरी. श्वास. लांबची म्हातारी. नाव, मग थांबणं. सुरुवातीला जीभ जुन्या सवयीनं धावे. तो तिला मागं ओढी, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. नेमायाचं तोंड डोळ्यांसमोर आणलं की दम आपोआप टिके.

"अळूच्या पानांना भाषण देतोस म्हणे," लुपे एकदा म्हणाली.

"त्या पोपटाला सगळ्यांसमोर खाली बसवणार आहे," तो म्हणाला.

नव्या चर्चच्या उद्घाटनाला सात गावं जमली. पाहुण्यांना द्यायचं कावाच्या मुळीचं पेय घोटून तयार झालं. रीतीप्रमाणे, ज्यांना गावातर्फे बोलायचं त्यांनी उभं राहून एकमेकांकडे परवानगी मागायची. माघार घेणारा खाली बसतो, शेवटी एक उरतो.

तोमासी उठला. नेमायाही उठला.

"दादा, मी बोलू का?" नेमायानं विचारलं. आवाज खणखणीत होता.

"नाही," तोमासी म्हणाला. "मी बोलणार."

सगळे बघत होते. नेमाया मान खाली घालून बसला.

तोमासीनं काकांची काठी घेऊन रोवली आणि श्वास घेतला. पार टोकाला, खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. तिच्याकडे बघून त्यानं सुरुवात केली. सातही गावांची नावं घेतली आणि प्रत्येक नावानंतर तो थांबला. वाक्यं एकामागून एक, सुटी सुटी, शेवटच्या अक्षरापर्यंत पोचली. मध्येच एक पाहुणा पुढं झुकला. भाषण संपलं तेव्हा सातही गावांकडून दाद आली. काकांनी स्वतःच्या खांद्यावरची चवरी काढून त्याच्या खांद्यावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते.

तोमासीचं लक्ष मात्र काकांकडे नव्हतं. त्याला नेमायाचा पडलेला चेहरा बघायचा होता.

जेवणं झाल्यावर तो मुद्दाम त्याच्या घरी गेला, चवरी खांद्यावर तशीच ठेवून. नेमाया चटईवर बसून कपडे पिशवीत भरत होता.

"पळून चाललास?" तोमासीनं विचारलं.

"उद्याच्या बोटीनं अपिया बंदर, तिथून ऑकलंड," नेमाया म्हणाला. "मासळीच्या कारखान्यात नोकरी आहे. नाताळातच पक्कं झालं होतं."

"नाताळात?" तोमासी थबकला. "मग महिनाभर घसा कशाला फोडलास?"

नेमायानं पिशवीचा बंद आवळला आणि नेहमीसारखा हसला.

"मी सांगितलं होतं काकांना, मला काठी नको, शिकून काय करू? तर म्हणाले, तू शिकू नकोस रे, तू फक्त मोठ्यानं म्हण, माझा तोमासी शिकायला समोर बसायचा नाही, गडग्याआडून ऐकेल."