किडनी कुणाची

“ही किडनी कुणाची?” पेन्शन मंडळाच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

“माझी,” हवालदारीण म्हणाली. “पाच वर्षांपूर्वी ह्यांना दिली.”

अध्यक्ष खूश झाले. त्यांनी डावीकडच्या डॉक्टरांकडे पाहिलं, मग उजवीकडच्या वकिलांकडे. तिघांच्या माना एकदम हलल्या. टेबलावर तीन कप चहा होता, बिस्किटांची बशी होती, आणि बशीखाली हवालदाराची चार बोटं जाडीची फाइल.

“मग प्रश्नच मिटला,” अध्यक्ष म्हणाले. “ह्यांच्या स्वतःच्या किडन्या नोकरीपायी गेल्या, ते मंडळानं मान्य केलं होतं. आता बिघडली आहे ती तुमची. आणि तुम्ही काही सैन्यात नव्हता.”

“हो साहेब,” हवालदार म्हणाला.

हवालदारिणीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी जागच्या जागी विरघळला असता. हा माणूस आपल्या बाजूनं आलाय की ह्यांच्या? गल्लीत तिला तोफ म्हणत ते उगाच नाही. घरातला सगळा दारूगोळा तिच्याच वाट्याला आला होता. निवृत्त होताना हवालदारानं सैन्यातून दोनच गोष्टी घरी आणल्या होत्या: दुखरी पाठ आणि ‘हो साहेब’.

अकरा वर्षं त्यानं वाळवंटातल्या चौकीवर टँकर चालवला. टँकर पाण्याचा, पण ड्रायव्हरला दिवसाला दोन बाटल्या. पाठ धरली की चौकीवरचा कंपाउंडर दुखण्याच्या गोळ्या मुठीनं द्यायचा. दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हा ह्याच मंडळानं पहिल्या खेपेला लिहिलं होतं, ‘पाणी कमी पिण्याची वैयक्तिक सवय.’ सवय म्हणे! अपिलात ते एक वाक्य खोडून घ्यायला तीन वर्षं लागली, तेव्हा कुठे पूर्ण अपंगत्व मंजूर झालं. मग हवालदारिणीनं आपली किडनी दिली, आणि सहा महिन्यांत पत्र आलं. प्रकृतीत समाधानकारक सुधारणा, सबब अपंगत्व पेन्शन बंद. खाली अभिनंदनही केलं होतं.

ते पत्र घेऊन दोघं खिडकीवर गेले, तेव्हा कारकुनानं नियम समजावला. पूर्ण अपंगत्व असताना हवालदार गेला, तर बायकोला जन्मभर भरघोस पेन्शन. बरा होऊन गेला, तर चिल्लर.

“म्हणजे मरायचं तर आजारीच मरायचं!” ती खिडकीत तोंड घालून ओरडली होती. हवालदारानं मात्र कारकुनाकडून नियमाचा क्रमांक लिहून घेतला, वर त्याचे आभारही मानले. त्यापायी ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

आणि आता ही किडनीही चालली होती. पाय सुजले होते. पुढच्या आठवड्यापासून डायलिसिस ठरलं होतं, म्हणून पेन्शन पुन्हा सुरू करण्यासाठी हे अपील.

डॉक्टरांनी बिस्किट चहात बुडवलं. “रोजच्या गोळ्या चालू आहेत ना? त्या थांबल्या की शरीर परकी किडनी ठेवून घेत नाही.”

“सकाळी आठ, संध्याकाळी आठ. मी स्वतः ह्यांच्या हातावर ठेवते. पाच वर्षांत एक वेळ चुकली नाही,” हवालदारीण म्हणाली. “तुमचं बिस्किट पडलं बघा.”

डॉक्टर चमच्यानं कपाचा तळ ढवळू लागले.

“तर, अपील फेटाळण्यात येत आहे,” अध्यक्ष टायपिस्टला सांगू लागले.

“थांबा.” हवालदारीण उभी राहिली. “मागे पेन्शन बंद केलीत, ती कुठली किडनी बघून?”

“म्हणजे?”

“ह्यांच्या दोन्ही तर गेलेल्या. चांगली चालत होती ती माझीच. तेव्हा ती ह्यांची म्हणून धरलीत, आणि आज माझी म्हणता? चालली तोवर सरकारची, बिघडली की बायकोची होय?”

टायपिस्टला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. वकील अध्यक्षांच्या कानाला लागले. हवालदारिणीला त्यातला ‘कोर्ट’ एवढा एकच शब्द ऐकू आला. तेवढा पुरेसा होता. न्याय ह्या मंडळींना कळत नसेल, कोर्ट मात्र बरोबर कळत होतं. अध्यक्षांनी बशी बाजूला सरकवली आणि फाइल उघडली, बहुधा पहिल्यांदाच. पाऊण तासात आदेश हातात आला. पूर्ण अपंगत्व, कायमचं, पुन्हा तपासणी नाही. डॉक्टरांनी शेरा मारला होता: किडनी सुधारण्याची शक्यता नाही.

“हो साहेब,” हवालदार म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात येताच ती सुटली. “बघितलंत? कशी जिरवली तिघांची! आणि तुम्ही? नुसतं हो साहेब, हो साहेब! तुमच्या भरवशावर बसले असते तर झालंच होतं. तुम्हाला आयुष्यात कधी काही करता आलंय का?”

हवालदार सावकाश बाकावर बसला. त्यानं आदेश दोनदा वाचला, नीट घडी घालून तिच्या पिशवीत ठेवला. तिची किडनी अंगात घेऊन पहिल्यांदा शुद्धीवर आला, त्या दिवशीही त्याचा चेहरा इतका निवांत नव्हता.

“आता मी असो नसो, तुझी जन्माची सोय झाली,” तो म्हणाला.

“भलतंसलतं बोलू नका.”

“एक सांगू? रागावू नकोस.” तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. “वर्ष झालं, तू हातावर ठेवलेली एकही गोळी मी गिळलेली नाही.”