डोंगरातले माळकरी

निजामाच्या अमलात पाटोद्याजवळच्या डोंगरात लांडग्याच्या तोंडाची माणसं राहायची. त्यांच्यातले सात निवडक लढवय्ये मारलेल्या शत्रूंच्या दातांची माळ गळ्यात घालत, म्हणून त्यांना माळकरी म्हणत. एका दिवेलागणीला ते गाव फस्त करायला उतरले, तेव्हा चावडीवरचा जमादारसुद्धा लिंबावर चढला. देवळात कीर्तनाची वाट बघत उरली एकटी बायनाबाई. मोतीबिंदूमुळं तिला माणूसही दिसायचा तो सावलीसारखा.

"कोण हाय?"

"माळकरी!" म्होरक्या गुरगुरला.

"या माउली! घसा लई बसलाय तुमचा. माळ कुणाच्या हातची?"

"माझी मीच मिळवली. एकेक मणी म्हणजे एकेक नाव!"

"खरंय बाबा. घे बरं मग नाव."

म्होरक्या गडबडला. मारलेल्यांची नावं कोण ध्यानात ठेवतंय? तो म्हातारीला हुंगायला खाली वाकला.

"नाव घ्यायचं न्हाई अन् माळ मिरवायची व्हय रे?" म्हणत बायनाबाईनं ती माळ त्याच्या गळ्यातून ओढून काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

त्या जमातीचा कायदा एकच. म्होरक्याची माळ जो उतरवील तो नवा म्होरक्या, अन् त्याचा शब्द साऱ्या जमातीनं पाळायचा. सातही जण धपकन गुडघ्यांवर बसले.

 

"बसलात? शाबास!" बायनाबाई हरखली. "आता उद्यापासून रोज कीर्तनाला यायचं, अन् येताना समदा गोतावळा घेऊन यायचा!"