भजनांची कव्हरं

आईचं तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुपारी मी भजनांच्या कव्हरातली तिची रेकॉर्ड काढून लावली, तर ट्रंपेट कडाडला. दुसऱ्या कव्हरात चा-चा-चा, तिसऱ्यातही नाचाचीच गाणी. बाबांसमोर कधी मोठ्यानं हसलीसुद्धा नव्हती ती!

मी असलं काही ऐकलंच नव्हतं. पाय आपोआप हलले, मग रिकाम्या घरात मी एकटीच नाचत सुटले.

दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या टिपणीसकाकू धापा टाकत उभ्या होत्या. "डोक्यावर पावलं वाजली. क्षणभर वाटलं, तुझी आईच."

"आई नाचायची?"

"रोज दुपारी. चार वाजले की बंद."

"बाबा यायचे म्हणून?"

"छे गं, ते सातला यायचे. चारला तुझी शाळा सुटायची."