जुडगा

"पाच, दोन, नऊ," चाचणीबाई म्हणाल्या, आणि दाराबाहेर पुन्हा किल्ल्या खुळखुळल्या.

समोरच्या नऊ वर्षांच्या पोरीने आकडे बरोबर उलटे करून सांगितले. बोलत होती बाईंशी, पण कान दाराकडे. मुलांच्या बुद्धीची चाचणी घेणाऱ्या म्हणून सगळी मुलं त्यांना चाचणीबाईच म्हणत. खोली एकेकाळची अडगळीची, खिडकीच्या जागी कपाट उभं केलेलं. पोरगी भिंत आणि टेबल यांच्यामध्ये अशी बसली होती की तिला बाहेर पडायचं तर आधी बाईंनी उठायला हवं.

फाइल चांगली जाडजूड होती. पहिल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, लक्ष लागत नाही. गोळ्या दिल्या, तर पोरगी वर्गात नुसती पेंगायची. दुसऱ्यांनी लिहिलं, मुळात बुद्धीच कमी. आज तिसरी आणि शेवटची चाचणी. बाईंनीही तेच लिहिलं, तर शाळा पटावरून नाव काढणार आणि पोरगी घरी बसणार. आई नव्हती. पण बापाने सकाळीच हात जोडून सांगितलं होतं, मी गोदामावर रात्रपाळीला असतो, दिवसभर घरीच, मी बघेन तिच्याकडे. बिचारा, असंच वाटलं होतं बाईंना. आता तो बाहेर बाकावर बसून गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात फिरवत होता.

बाईंनी लाल-पांढरे ठोकळे काढले. चित्रात दाखवली तशी नक्षी जुळवायची. पोरीने एक जुळवली, दुसरी जुळवली, तिसरी तर वेळ संपायच्या कितीतरी आधी. बाईंना बरं वाटलं. पण ती मेली खुळखुळ काही थांबेना! मोठ्या माणसाचं डोकं उठेल, तिथे एवढ्याशा पोरीचं लक्ष लागणार तरी कसं? बाई उठल्या, दार किलकिलं करून त्याला गोड शब्दांत सांगितलं. चुकलंच माझं मॅडम, म्हणत त्याने जुडगा खिशात टाकला.

खोली कशी शांत झाली. आधीच्या दोघांच्या हे ध्यानात कसं आलं नाही, म्हणत बाईंनी खुशीत चौथी नक्षी पुढे ठेवली.

पोरगी ढिम्म. ठोकळ्याला हात लावेना. बाईंनी मघाशी चुटकीसरशी केलेली पहिली नक्षी परत दिली. तीही येईना. आकडे विचारले, तर तीन आकडे सुलटेसुद्धा सांगता येईनात. ओठ पांढरेफटक पडले होते आणि दोन्ही हातांनी तिने खुर्चीची कड गच्च धरली होती. बाईंनी चुचकारलं, पाणी दिलं, पाच मिनिटं वाट पाहिली. पाणी तसंच राहिलं.

बाईंचा जीव हळहळला. इतक्या शांततेत जमत नाही म्हणजे मघाचं सगळं चुकूनमाकूनच जमलं असणार. दुसरं काय समजायचं माणसाने? त्यांनी नाइलाजाने अहवाल पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. एक सही, की उद्यापासून पोरगी घरी.

लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "बाळा, आता तर कसलाच आवाज नाही. मघाशी एवढा गोंगाट होता, तेव्हा कसं गं जमत होतं?"

पोरीने एकदा दाराकडे पाहिलं. मग टेबलावर वाकून, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने सांगितलं.

"किल्ल्या वाजत असल्या की बाबांचा हात रिकामा नसतो."