फुगलेली पिशवी

“पंप-ट्यूब दे गं,” नवऱ्याने हात पुढे केला. खडीवर त्याच्या सायकलचं मागचं टायर फस्सकन बसलं होतं. त्याचं दुरुस्तीचं सामान हॉटेलात होतं. वजन नको म्हणून सकाळीच काढून ठेवलेलं, तिच्या फुगलेल्या पिशवीला हसत.

काल इटलीतल्या याच टेकड्यांत तिची चेन तुटली, तेव्हा “गाडी नाही की घोडं नाही, भीती कसली? ये सावकाश,” म्हणत तो पुढे निघून गेला होता. आठ किलोमीटर तिने सायकल ढकलली.

“गाडी नाही की घोडं नाही, भीती कसली?” ती म्हणाली. “ये सावकाश.” आणि तिने पेडल मारलं.

चढावरून तिने पाहिलं, तर खालच्या पांढऱ्या वाटेवर एक ठिपका सायकल ढकलत होता. तिने पिशवीतून दोन पीच काढले. पहिला खाल्ला. दुसरा, त्याच्या वाटणीचा, जास्त गोड निघाला.